निजामाच्या फौजेतला पणजोबा कुठल्या दप्तरात शोधायचा?

बिदर / कलबुर्गी : महाराष्ट्र सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय काढला आणि निजामकाळातल्या कागदांना एकदम भाव आला. सीमेच्या अलीकडच्या भालकी, बसवकल्याण, औराद, आळंदच्या लोकांना या निर्णयाचा थेट लाभ नाही. पण सोयरीक पलीकडची, भाऊबंद पलीकडचे; त्यामुळं जुन्या कागदांची चर्चा इकडंही होतेच. ही सगळी शोधाशोध जातीच्या नोंदीसाठी आहे. मात्र घरातली जुनी पेटी उघडली की बऱ्याचदा दुसराच एक प्रश्न समोर येतो. एखादं काळवंडलेलं पदक, फेटा आणि पट्टा घातलेल्या माणसाचा फोटो, उर्दूत लिहिलेला एक कागद निघतो. "पणजोबा लष्करात होते" एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. कुठल्या लष्करात, कुठं लढले, परत आले की तिकडंच गेले, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर मिळवणं सीमाभागात जेवढं अवघड आहे तेवढं पंजाबात किंवा साताऱ्यात नाही. त्याला कारण आहे. इथल्या शिपायाचा कागद एका जागी जळून गेला असं झालेलं नाही. तो चार फौजांत, तीन राज्यांत आणि चार लिप्यांत वाटला गेला. म्हणून शोध सुरू करतानाच दिशा चुकली तर पुढची सगळी पायपीट वाया जाते.

आधी ठरवा, फौज कोणती

"हैदराबादच्या फौजेत होते" या वाक्याचे किमान तीन अर्थ निघतात.

पहिला अर्थ हैदराबाद कंटिंजंट. ही फौज नावाला निजामाची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहात हिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडं लावून दिला गेला. मुख्यालय बोलारमला, आणि छावण्या हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, लिंगसुगूर अशा ठिकाणी. १९०३ साली ही फौज थेट ब्रिटिश हिंदी लष्करात मिसळली गेली. तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्ससारखे रिसाले झाले आणि पायदळाच्या पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर या पायदळातून १९ वी हैदराबाद रेजिमेंट तयार झाली. १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. म्हणजे पणजोबा "हैदराबाद रेजिमेंट"मध्ये असतील, तर त्यांचा माग आज उत्तराखंडात राणीखेतला लागू शकतो. हे कोणी सांगितल्याशिवाय घरच्यांच्या डोक्यात येणार नाही.

दुसरा अर्थ निजामाची स्वतःची पगारी फौज. तिच्यातलं इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स हे घोडदळ पहिल्या महायुद्धात इजिप्तला गेलं, सुएझ कालव्याच्या बंदोबस्तात राहिलं आणि पुढं पॅलेस्टाईनच्या मोहिमेत उतरलं. दुसऱ्या महायुद्धात याच फौजेला हैदराबाद स्टेट फोर्सेस म्हणत. १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत ती टिकली.

तिसरा अर्थ पायगा, जागीरदार आणि संस्थानिकांचे शिबंदीचे लोक, तसंच बेकवायती जमीयत. चिटगुप्पा, हुमनाबाद हा भाग पायग्यांचा होता, कल्याणीला नवाब होते. गढीवर पहारा करणारा, वसुलीला सोबत जाणारा हत्यारबंद माणूसही गावाच्या तोंडी "फौजेतला" असतो. त्याची नोंद लष्कराच्या दप्तरात मिळणार नाही. ती जागिरीच्या हिशेबात असेल.

या तिन्हींच्या बाहेर चौथी वाट आहे. निजामाच्या हद्दीतून सोलापूर, पुणे किंवा बेळगावला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती होण्याची. त्यांचा शोध मराठा पलटणींकडं न्यावा लागतो, ज्यांचं केंद्र आज बेळगावात आहे. महार सैनिकांसाठी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच उभी राहिली, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

नावाच्या घोळानं काय होतं याचं उदाहरण मलायाचं आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी कोटा भारू इथं सैन्य उतरवलं, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला निजामाच्या फौजेची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. त्याच मलायात ब्रिटिश हिंदी लष्कराची १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटणही होती. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीच्या लढाईत जपानी रणगाडे तिच्यातून आरपार गेले. दोन्हींच्या नावात हैदराबाद, दोन्ही एकाच मोहिमेत, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं तेव्हा जे उरले ते एकत्रच कैद झाले. पण पगार वेगळ्या खजिन्यातून, भरतीची वही वेगळी, आणि आज कागद शोधायचा पत्ताही वेगळा. "आजोबा सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होते" एवढ्या माहितीवर दोन्हीपैकी कुठली पलटण ते ठरत नाही. कैदेतून कोणी आझाद हिंद फौजेत गेला असेल तर आणखी एक दप्तर वाढतं. त्या फौजेच्या ९९० फायली संरक्षण मंत्रालयानं १९९७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडं दिल्या आहेत.

बॉम्ब न पडताही कागद जातात

लष्करी कागद नष्ट होण्याची जगातली दोन उदाहरणं नेहमी सांगितली जातात. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं एक गोदाम पेटलं आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सुमारे ६० टक्के फायली जळाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या.

आपल्याकडं अशी एखादी तारीख सांगता येत नाही. इथं कागद नियमानं गेले. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवापत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याची लष्कराची पद्धत राहिली आहे. पहिल्या महायुद्धातले बरेचसे शिपाई गरजेपुरते भरती झालेले, युद्ध संपताच घरी पाठवलेले. पेन्शन नाही म्हणून कागदही नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं मोठं दप्तर आहे, पण त्यात अधिकाऱ्यांची माहिती जेवढी मिळते तेवढी साध्या शिपायाची मिळत नाही.

अधिकारी आणि शिपाई यांच्यातला हा फरक हैदराबादच्या बाबतीतही ठळक दिसतो. निजामाच्या फौजेचे अखेरचे सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद एल इद्रूस तरुणपणी पहिल्या महायुद्धात याच लान्सर्समध्ये होते. त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं, त्यामुळं त्यांचा काळ वाचायला मिळतो. त्यांच्या रिसाल्यातल्या स्वाराचा मात्र नंबर मिळाला तरी पुष्कळ.

त्यात १९५६ ची भर पडली. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरला, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबईला, तेलंगण आंध्रला. बिदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, जहिराबाद आणि नारायणखेड मेदकला जोडले गेले. म्हणून आज लातूर जिल्ह्यात असलेल्या गावचा शिपाई जुन्या नोंदीत "जिल्हा बिदर" असाच सापडतो. उदगीरचं कुटुंब लातुरात शोधत बसतं आणि नोंद बिदरच्या नावाखाली पडून राहते. माणसं आणि जमिनी वाटल्या गेल्या, पण राजधानीतलं मुख्य दप्तर बहुतेक हैदराबादलाच राहिलं. ते आज तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे.

तिथं पोचल्यावरही अडचण संपत नाही. निजामाचा कारभार १८८० च्या दशकापर्यंत फारसीत होता, नंतर उर्दूत आला. गावपातळीवरचे मराठी कागद मोडीत. लष्कराच्या इंग्रज कारकुनानं लिहिलेली नावं रोमन लिपीत, तीही कानाला ऐकू आलं तशी. बिदरचं "बेदर", गुलबर्ग्याचं "कुलबर्गा" झालेलं दिसतं. आणि आजच्या अर्जाची भाषा कन्नड. औरादच्या मराठी माणसानं पणजोबाचं नाव नेमक्या कुठल्या भाषेत विचारायचं, हाच प्रश्न आहे.

दगडावरचं नावही पक्कं नसतं

कागद नसला तरी स्मारकावर नाव असेल, असं लोकांना वाटतं. तेही दर वेळी खरं नसतं. इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये पडलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफीकला होतं. इस्रायल आणि इजिप्तच्या युद्धांत ते उद्ध्वस्त झालं आणि १९८० मध्ये कैरोजवळच्या हेलिओपोलिस दफनभूमीत नावांचे नवे फलक बसवावे लागले. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर मेलेल्या साध्या हिंदी शिपायांची नावं बसऱ्याच्या दगडावर कोरलेली नाहीत. तिथं अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि शिपायांचे पलटणीनुसार आकडे.

ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं. पहिल्या महायुद्धातल्या ४५ हजार ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही. त्याशिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावानं नोंदच झाली नाही. यात आफ्रिकी, हिंदी, इजिप्शियन असे सगळे आहेत. सर्वांत मागं राहिले ते हमाल, खच्चरवाले, भिश्ती, झाडूवाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साडेपाच लाखांहून अधिक लोक असे बिगरलढाऊ म्हणून गेले. गावात त्यांनाही "लढाईला गेला" असंच म्हणतात, पण शिपायांच्या यादीत ते कसे सापडणार?

पगाराचा माग धरा

मग वाट काय? सेंट लुईसच्या आगीनंतर अमेरिकनांनी जे केलं त्यातून शिकण्यासारखं आहे. सेवेची फाईल जळाली म्हणून त्यांनी हात वर केले नाहीत. पगाराच्या पावत्या, दवाखान्याच्या नोंदी, पेन्शनचे अर्ज असे दुसऱ्या खात्यांतले कागद जोडून त्यांनी माणसाची सेवा पुन्हा उभी केली. हिशेबाचं साधं तत्त्व आहे. एका वहीत जी रक्कम नावे पडते ती दुसऱ्या कुठल्या तरी वहीत जमा असतेच. रोजकीर्द हरवली तर खतावणीवरून व्यवहार काढता येतो.

हैदराबाद राज्यात हे तत्त्व चांगलं लागू पडतं, कारण निजामाचं सरकार नोकरीचा मोबदला पुष्कळदा जमिनीत किंवा नेमणुकीत देत असे. इनाम जमीन असेल तर तिची चौकशी अतियात खात्यात झालेली असते. त्या चौकशीनंतर दिलेल्या मुंतखबात इनाम कोणाला, कशाबद्दल, वारस कोण हे लिहिलेलं असतं. जमिनीच्या भांडणात वकिलाकडं दिलेला आणि तसाच राहिलेला हा कागद पणजोबाच्या नोकरीचा एकमेव पुरावा असू शकतो.

असे कागद वाचताना तारखेची गफलत होते. निजामाचा कारभार फसली सनावर चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. कागदावर १३२५ असेल तर ते वर्ष ऑक्टोबर १९१५ मध्ये सुरू झालं, म्हणजे ऐन महायुद्धातलं. त्याहून जुन्या कागदांवर हिजरी सन असतो, त्याला हा हिशेब लागू होत नाही.

दुसरा भरवशाचा पुरावा म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना कोऱ्या पदकांवर भागवलं, पण हिंदी शिपायांच्या पदकांवर नाव आणि नंबर घातले गेले. म्हणजे काळवंडलेलं पदक हे खरं तर सेवापत्रकाची एक ओळ आहे. त्यातला नंबर सर्वांत मोलाचा. नावाचं स्पेलिंग दहा प्रकारे होतं, नंबर एकच राहतो. पहिल्या महायुद्धाचं एक पदक चांदीचं असल्यानं अडचणीच्या काळात ते सोनाराकडं जाण्याचा धोका असतो. पदक वितळलं की ती ओळही गेली.

फौजी की रझाकार?

या शोधात आपल्या भागापुरती एक नाजूक गोष्ट आहे. बिदर आणि कलबुर्गीला १९४७-४८ चे दिवस विसरता येत नाहीत. गोरटा गावाचं नाव निघालं की आजही आवाज खाली येतो. त्यामुळं "निजामाच्या फौजेत होते" म्हटलं की "म्हणजे रझाकार होते का?" असा प्रश्न येतो, आणि घरचे विषय बदलतात.

या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. रझाकार ही कासिम रझवीची संघटना, इत्तेहादुल मुसलमीनच्या छायेतली. स्टेट फोर्सेस ही राज्याची पगारी, कवायती फौज. ऑपरेशन पोलो १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालं, १७ ला निजामानं हार मानली आणि दुसऱ्या दिवशी एल इद्रूस यांनी भारतीय सेनेचे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढं फौजेची शरणागती पत्करली. फौजेतल्या प्रत्येकानं त्या दिवसांत काय केलं हे कागद सांगणार नाही. पण माणूस पगारी शिपाई होता का, कधी लागला, १९४८ च्या आधीच घरी परतला होता का, एवढं पगारपत्रकावरून ठरू शकतं. काही कुटुंबांसाठी एवढंही कमी नाही. पिढ्यान् पिढ्या अंगावर राहिलेला संशय एका ओळीनं मिटू शकतो. उलटही होऊ शकतं, ती तयारी ठेवूनच पेटी उघडावी.

म्हैसूर आठवतं, हैदराबाद मागं पडतं

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात तीन पुतळे आहेत: जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद लान्सर्सचे. २०१८ मध्ये या चौकाच्या नावात हैफा जोडलं गेलं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावर जो हल्ला झाला त्यात जोधपूर आणि म्हैसूरचे स्वार पुढं होते. हैदराबादचे लान्सर्स त्याच पंधराव्या घोडदळ ब्रिगेडमध्ये होते. कर्नाटकात म्हैसूर लान्सर्सची आठवण निघते, बेंगळुरूत त्यांचं स्मारक आहे. ते योग्यच आहे. पण कल्याण कर्नाटक त्या काळी म्हैसूरच्या राजाखाली नव्हतं, इथला शिपाई निघाला असेल तर तो तिसऱ्या पुतळ्याच्या फौजेतून. बेंगळुरूला तो आपला वाटत नाही, मुंबईच्या दृष्टीनं तो कर्नाटकाचा आणि हैदराबादच्या दृष्टीनं १९५६ लाच वेगळा झालेला. त्याचा कागद कोणी मागत नाही, म्हणून कोणी काढतही नाही.

मागणी केली तर काय होतं हे पंजाबनं दाखवलं. १९१९ च्या सुमारास तिथल्या सरकारनं गावागावांतून गेलेल्या शिपायांची रजिस्टरं केली होती. लाहोर संग्रहालयात ती पडून होती. ब्रिटनमधल्या पंजाबी लोकांच्या एका संस्थेनं ग्रीनिच विद्यापीठाला सोबत घेऊन त्यांचं डिजिटायझेशन हाती घेतलं आणि २०२१ पासून ती ऑनलाइन येऊ लागली. एकूण ३ लाख २० हजार नोंदी. आज जालंधरचा माणूस गावाचं नाव टाकून पणजोबा शोधू शकतो.

आता करायचं काय

सरकारच्या पातळीवर मागणी साधी आहे. हैदराबादच्या अभिलेखागारातल्या निजामकालीन लष्करी कागदांची गाव आणि तालुकानिहाय सूची कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणानं मिळून करावी. जातीच्या नोंदीसाठी महाराष्ट्राच्या समित्या याच शहरात जाऊन आल्या आहेत, म्हणजे इच्छा असेल तर दप्तर उघडतं. सीमाभागातल्या आमदार, खासदारांनी सीमेच्या वादाला हात न लावताही हा विषय मांडता येईल. उर्दूची जुनी कारकुनी लिपी आणि मोडी वाचणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत, त्यामुळं याला मुदत आहे.

घरच्या पातळीवर त्याची वाट पाहायची गरज नाही. माणूस परत आला नसेल, तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. तिथं नाव नसेल आणि मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना झालेला असेल, तर पुरावा जोडून नाव घालण्याची मागणी करता येते. निजामाच्या फौजेतल्या माणसालाही हा मार्ग खुला आहे. जो परत आला त्याच्यासाठी मुंतखब, पदक आणि पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस हे तीन रस्ते.

सुरुवात मात्र घरातूनच करावी लागेल. पदकाची कडा ओल्या फडक्यानं हलकेच पुसा, घासू नका. त्यावरचं प्रत्येक अक्षर आणि आकडा आहे तसा वहीत उतरवा, फोटो काढून भाऊबंदांकडं पाठवा. उर्दू कागद असेल तर गावातल्या जुन्या मास्तरांकडून, मौलवींकडून तो वाचून घ्या आणि अर्थ मराठीत लिहून ठेवा. सरकारी दप्तर उघडेल तेव्हा उघडेल, त्या दिवशी हातात नंबर असला पाहिजे.